ड्युटीवरचा उजवा हात

डॉक्टरी विद्येत माझा वाटा मोठा आहे, हे आमच्या नाक्यावर कुणीही सांगेल. म्हणजे माझं पोट त्या कामाला लागायचं. पोट सोडून बाकीच्या मला कुणी काही विचारत नसे.

मी चौथी नापास, धंदा रिक्षाचा. तुम्हाला कळावं म्हणून जमेल तेवढं शुद्ध बोलतो, घसरलो तर सांभाळून घ्या. धामापूरच्या अलीकडे आमचा रिक्षा स्टँड, आणि स्टँडच्या समोर बाईंचा दवाखाना. बाई म्हणजे पोरांच्या डॉक्टर. आता थकल्या, दवाखान्याला कुलूप आहे, बाई भाचीकडे सावंतवाडीला राहतात. पण दवाखाना चालू होता तेव्हा रोज सकाळी हा कार्यक्रम ठरलेला. बाई पायरी उतरायच्या, पायात पोरांचे कॅनव्हासचे बूट, साडी घोट्याच्या वर, आणि तरातरा माझ्या रिक्षाकडे.

"शर्ट वर कर."

मी शर्ट वर करायचो. बाई उजव्या हाताची पालथी बाजू माझ्या पोटाला लावायच्या. आधी डावीकडे खाली, मग उजवीकडे खाली. डोळे मिटलेले. येणारेजाणारे बघतायत, एसटी थांबलेली, कंडक्टर खिडकीतून मान बाहेर काढून उभा. मग बाई डोळे उघडून म्हणायच्या, "बरां आसा. दोनव बाजू सारख्योच मठ्ठ." आणि आत.

त्याचं असं होतं. पोटात उजवीकडे खाली एक शेपूट असतं, अपेंडिक्स. ते सुजलं तर वरची कातडी दुसऱ्या बाजूपेक्षा किंचित गरम लागते, असं बाईंचं म्हणणं. लहान पोरांची पोटं पातळ, म्हणून त्यांच्यात कळतं. पण ते किंचित म्हणजे इतकं किंचित, की हात आधी सुरात लागला पाहिजे. गवई गायच्या आधी तंबोरा लावतो ना, तसा. तंबोरा मी.

"माझांच पोट कित्या, बाई?" मी एकदा विचारलं.

"तुझ्या पोटात कायच चलना नाय. खंयच कमीजास्त नाय. असा पोट शोधून गावाचा नाय."

मी ते घरी जाऊन बायकोला अभिमानाने सांगितलं. बायकोने पुढचं ऐकलंच नाही.

"बाईमाणूस नाक्यार तुमच्या पोटाक हात लावता?"

"पालथो लावता."

"पालथो लावता म्हणजे?"

"म्हणजे... पालथो."

बायको तशीच ओल्या हाताने भांडायला गेली. तासाभराने आली ती दोन शेवग्याच्या शेंगा घेऊन. "माझ्याव पोटाक लावल्यानी," म्हणाली, "हात कसो गार आसा गो बाय त्यांचो!" त्यानंतर घरात त्या विषयावर भांडण झालं नाही. उलट मी स्टँडवर उशिरा पोचलो तर बायकोच ओरडायची, "जावा, तुमचा पोट थंय वाट बघता."

तो गार हात बाई फार जपायच्या. डाव्या हाताने चहा प्यायच्या, डाव्या हाताने दार उघडायच्या, नमस्कार तर लांबूनच. उजव्या हाताने गरम वस्तूला शिवायचं नाही, हा नियम. ते दवाखान्यात ठीक, पण बाई लग्नाच्या पंगतीतही डाव्या हाताने जेवायच्या! आमच्याकडे माणूस उजव्या हाताला प्लास्टर असलं तरी चार बोटं बाहेर काढून भात कालवतो. एका लग्नात नवऱ्याचा मामा वाढता वाढता थांबला. नुसता त्या डाव्या हाताकडे बघत राहिला, वरणाचा चमचा तसाच हवेत. बाईंनी वर न बघता सांगितलं, "उजवो ड्युटीर आसा. तू वाढ."

मामाने वाढलं. माझ्या पानात वाढलं, पण वाढलं.

हाताला एकदा सवय लागली की तो थांबतो थोडाच. एसटीत बसायच्या आधी बाई सीटला हात लावायच्या. "हय आत्ताच कोणतरी उठलो. जाडो होतो. डावीकडे कलान बसलेलो." आणि खरंच पुढच्या दारातून एक जाडा माणूस उतरत असायचा, डावीकडे कलून. बाजारात तर मासे विकणाऱ्या बायका बाई दिसल्या की टोपली झाकायच्या. एकदा मी बरोबर होतो. बाईंनी बांगड्याच्या पोटाला पालथा हात लावला आणि म्हणाल्या, "ह्याका ताप येवन गेलो."

मासेवाली चिडली. "बाई, सकाळधरना बर्फात निजलो हा तो! ताप खंयसून येतलो?"

"वरसून गार आसा गो. पोट बघ. सकाळी ह्येका उन्हात कोण ठेवल्यान?"

मासेवाली हळूच म्हणाली, "टेम्पो बंद पडललो ओ." आणि टोपलीतला दुसरा बांगडा काढून दिला. मी मात्र तोच आधीचा अर्ध्या भावात घेऊन घरी गेलो. संध्याकाळी आमच्या घरात कुणाला ताप आला नाही, बाकी सगळं आलं.

नुसत्या हातावर बाई विसंबायच्या असं समजू नका. त्या म्हणायच्या, "हात एकटो साक्षीक पुरना नाय." म्हणून दुसरा साक्षीदार होता लंगडी. दवाखान्याच्या अंगणात चुन्याची रेघ मारलेली. पोट दुखतं म्हणून आलेलं पोर असेल तर बाई सांगायच्या, ह्या रेघेपासून त्या माडापर्यंत लंगडी घाल. ज्याला शाळा नको असायची तो माडाला शिवून परतसुद्धा यायचा, वर विचारायचा, पुन्हा घालू? ज्याच्या पोटात खरंच आग असायची तो पहिल्याच उडीला कळवळून पोट धरायचा. पोरांना कळावं म्हणून लंगडी कशी ते घालून दाखवायला मी. तीन पोरांसमोर मी माडाला जाऊन आपटलोय. तीही बरी झाली बिचारी. हसून हसून.

मग करोना आला तेव्हा त्या कपाळावर रोखायच्या बंदुका आल्या. करोना गेला, बंदुका उरल्या. बाईंनी ग्रामपंचायतीकडून एक मागून घेतली. आधी हात सांगायचा, मग बंदूक दोन्ही बाजूंना रोखायच्या. बंदूक हो म्हणाली की बाई खूष. नाही म्हणाली की बंदुकीचे सेल बदलायच्या. तरी नाही म्हणाली तर मात्र तोंड पाडून नळाखाली हात धरायच्या, पुसायच्या, आणि पुन्हा पहिल्यापासून. तेवढा मोठेपणा त्यांच्यात होता. माझ्या बाबतीत तो दाखवायची वेळच आली नाही. मी एकदा मे महिन्यात पोट धरून गेलो होतो. मेव्हण्याच्या बागेत आंबे उतरवायला जामसंड्याला बोलावलं होतं, आणि त्या झाडांवर आंब्यांपेक्षा हुमले जास्त. हुमला म्हणजे लाल मुंगी, चड्डीत शिरली की माणूस मंत्र्यांची नावं घेतो. मी कण्हत कण्हत उजवी बाजू दाखवली. बाईंनी हात लावला, बंदूक लावली नाही, आणि माझ्या बायकोला हाक मारून सांगितलं, "ह्याका अपेंडिक्स नाय गो. ह्याका मेवणो झालो हा."

बाई मालवणीत बोलतायत तोपर्यंत नाक्यावर कुणी घाबरत नसे. शिव्या दिल्या तरी पोरांच्या आया हसायच्या. पण बाई शुद्ध बोलायला लागल्या की समजायचं, काहीतरी मोठं आहे. कलेक्टर कचेरीत बोलतात तसं. "आपण असं करूया," असं बाईंच्या तोंडून आलं की आई पदर तोंडाला लावायची.

हे मला दहा वर्षं माहीत होतं. स्वतःच्या घरावर आलं तेव्हा कळलं.

आमची बायो तेव्हा तिसरीत. एकुलती एक. तिच्या शाळेत लंगडीत तिचा हात धरणारा कुणी नव्हता, हे मी कौतुकाने सांगत नाही, पायाला खिळा लागला होता तेव्हासुद्धा दुसऱ्या पायावर लंगडी घालून घरी आलेली पोर. त्या आठवड्यात गावात पोटाची साथ होती, अर्धी शाळा घरी. बायको आईकडे जामसंड्याला गेलेली. संध्याकाळी बायो म्हणाली, बेंबीपाशी दुखतं. जेवली नाही. मी म्हटलं, साथ आहे. सकाळी उठली ती वाकडी चालत. म्हणाली, आता खाली दुखतं. एकदा ओकली.

आता घरात मी एकटा, आणि मी काय साधासुधा माणूस? दहा वर्षं ज्याच्या पोटावर हात शिकला तो मी. मी चहाचा ग्लास खाली ठेवला, डोळे मिटले आणि बायोच्या पोटाला पालथा हात लावला. दोन्ही बाजू गारच! मी आनंदाने म्हटलं, "गॅस आसा. कायच नाय." माझा हात उकळत्या चहाचा ग्लास धरून भाजलेला होता, त्याला तवासुद्धा गार लागला असता, हे माझ्या डोक्यात आलं नाही. डोक्यात यायला तिथे आधी कुणीतरी राहत असावं लागतं.

मग आमच्याकडे पोट दुखलं की करतात ते केलं. जाडं मीठ तव्यावर भाजलं, जुन्या पंच्यात बांधलं आणि शेक द्यायला बसलो. बाईंची आठवण ठेवून उजव्या बाजूला. बायो म्हणाली, "बाबा, थंय नाय." मी म्हटलं, "तू गप रव. डॉक्टर कोण, मी काय तू?" ती रडत रडत गप्प राहिली. रडणं वाढलं तसा मी शेक वाढवला. शेवटी तिचं अंग तापलेलं माझ्याही लक्षात आलं, तशी तिला रिक्षात घातली आणि दवाखान्यात.

बाईंनी आधी तिला स्वतःच्या गालाला हात लावू दिला, तशी त्यांची पद्धत. पोराने आधी डॉक्टरला शिवायचं, मग डॉक्टरने पोराला. मग फ्रॉक वर केला, पालथा हात लावला. डावीकडे. हात तिथेच थांबला. उजवीकडे. परत डावीकडे. मी बाईंचं तोंड बघत होतो. असं तोंड मी कधी बघितलं नव्हतं, घाटात गाडी न्यूट्रलला पडल्यासारखं. बंदूक रोखली. बंदूकही तेच म्हणाली असावी, कारण सेल बदलले नाहीत.

"डावी बाजू जास्त गरम लागते आहे," बाई म्हणाल्या.

शुद्ध! म्हणजे काहीतरी मोठं होतं. पण माझं तोंड चालूच.

"लागतलीच, बाई!" मी म्हटलं. "मस्त शेक दिलंय. मीठ भाजून. मगाधरना देतंय."

बाईंनी हात काढला. "कुठल्या बाजूला दिलास?"

"उजव्या. तुमी लावतास ना, तसोच. हो असो." आणि मी बायोच्या समोर उभा राहून माझ्या उजव्या हाताने दाखवलं. माझा उजवा हात सरळ गेला तो बायोच्या डाव्या बाजूला.

मी माझ्या हाताकडे बघितलं, बायोकडे बघितलं. समोरासमोर उभं राहिलं की उजवं-डावं उलटं होतं, हे इतकी वर्षं नुसतं पोट पुढे करून उभं राहणाऱ्याला कसं कळणार?

"मेल्या," बाई म्हणाल्या, आणि ते मालवणीत आलं म्हणून मला रडू फुटायचं बाकी होतं. "तू उजवीकडे शेक दिलं असतंस तर आतलां फुटाक मदत केलं असतंस. चेडवाचा नशीब, बापूस येडो आसा म्हणान."

पण आता पंचाईत. बाजू तापवलेली मी, त्यात आजाराची ऊब किती आणि मिठाची किती, हे हाताला कसं कळावं? साथीचं पोट असेल तर घरी पेज पिऊन बरं होईल. शेपूट सुजलं असेल तर आत्ता ओरोसला, जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात गेलं पाहिजे. बाईंनी दाबून बघितलं, जीभ बघितली, काय काय विचारलं. उजवीकडे दाबल्यावर बायो ओरडली, पण बायो डावीकडेही ओरडत होती, कातडी लाल केली होती ना मी. मग बाई म्हणाल्या, "बायो, माडाकडे लंगडी घालतंस?"

बायोने रेघेकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. "नको," म्हणाली.

बायो लंगडीला नको म्हणाली. मला तिथे कळलं. मला डॉक्टरी कळत नाही, पण तेवढं कळलं, आणि माझं बोलणंच बंद पडलं. बाई नंतर लोकांना सांगायच्या की त्यांनी माझं तोंड बंद बघितलं ते त्या एका दिवशी.

"आपण असं करूया," बाई म्हणाल्या. "रिक्षा वळवून दारात लाव." मग ओरोसला फोन केला, पोर घेऊन येतेय, तयारीत राहा. फोन ठेवून बायोला पंख्याखाली निजवली, पोट उघडं टाकलं, आणि स्वतः शेजारी बसल्या, उजवा हात गार पाण्यात बुडवून पुसून मांडीवर ठेवलेला. मी रिक्षा वळवून आलो.

"आता काय, बाई?"

"आता वायच रवाचा. मिठाची ऊब पाव्हणी आसा, जातली. आजाराची ऊब घरची आसा, ती खंय जाता."

थोड्या वेळाने हात लावला. परत थोड्या वेळाने. मी दारात उभा राहून देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, अजून अर्धं फेडायचं आहे. आणि मग बाईंचे डोळे मिटले ते मिटलेच राहिले. डावी बाजू निवली होती. उजवी निवली नव्हती. बंदूक रोखली, सेलाला हात नाही.

"चल," बाई म्हणाल्या.

त्या स्वतः मागे बसल्या, बायोचं डोकं मांडीवर. आमच्या रस्त्यावर खड्डे, त्यात शाळा आली की गतिरोधक, देऊळ आलं की गतिरोधक, सरपंचाचं घर आलं की दोन. रिक्षा आपटली की बायो कळवळायची.

"हळू रे!" बाई ओरडल्या.

मी हळू केली.

"असो हळू गेलंस तर कधी पोचशीत? जोरात!"

मी जोरात केली. बायो ओरडली.

"बाई, एक काय ता सांगा! हळू काय जोरात?"

"जोरात, पण हळू!"

तुम्ही हसाल, पण मी तशी चालवली. कशी ते विचारू नका. एका गतिरोधकावर तर मी खाली उतरून रिक्षा पाठीमागून उचलली होती, बाईंसकट. मागून एसटीवाला हॉर्न वाजवत होता, बाईंनी बाजूने डावा हात बाहेर काढून त्याला असा काही थांबवला की तो कसालपर्यंत मागे मागेच आला, पुढे जायची हिंमत झाली नाही.

ओरोसला तरुण सर्जन होता. बाईंनी त्याला सगळं सांगितलं, हाताचंही सांगितलं, मिठाचंही. तो हसला नाही, मला तो म्हणून आवडला. म्हणाला, "मॅडम, तुमचा हात मान्य, पण मी सोनोग्राफी करतो." बाई म्हणाल्या, "करच. मीसुद्धा तेच सांगणार होते." सोनोग्राफी झाली, रक्त झालं, आणि दुपारी बायोला आत घेतलं.

बायको जामसंड्याहून धावत आली. मी तिला सुरुवातीपासून सांगायला लागलो, मिठापर्यंत आलो आणि तिने हातातली पिशवी मला मारली. पिशवीत फणसाची साठं, म्हणजे फणसपोळ्या होत्या, लागलं नाही. मग आम्ही दोघं बाकावर बसलो. बाई समोर उभ्या, भिंतीला टेकून. गरम चहा आला, तो बाई उजव्या हातानेच प्यायल्या. मला वाटलं होतं त्यांना भीती वाटत नाही.

सर्जन बाहेर आला, मास्क खाली केला. म्हणाला, "सुजलं होतं चांगलंच. फुटायच्या आत काढलं. पोर ठीक आहे."

बायकोने बाईंचा उजवा हात धरला आणि कपाळाला लावला. बाईंनी तो धरू दिला.

संध्याकाळी बायोला वॉर्डात आणलं. ती अर्धवट झोपेत. शेजारच्या खाटेपाशी एका पोराची आजी होती, तिला तोपर्यंत माझं सगळं सांगून झालं होतं. म्हणजे माझ्या पद्धतीने. की पहिला हात मी लावला. की शेक मीच मुद्दाम डावीकडे दिला, अपेंडिक्सला धक्का लागू नये म्हणून. की ओरोसपर्यंत रिक्षा अशी आणली की पोरीला गतिरोधक लागला नाही. आजी तोंडाला हात लावून ऐकत होती. "काय हुशार बापूस ओ!" म्हणाली. बायको पाठ करून पाणी भरत होती, तिचे खांदे हलत होते. बाई खुर्चीत बसल्या होत्या, मुद्दाम छताकडे बघत.

बायोने डोळे उघडले. मी धावलो. "बायो! माझ्या बाये! खंय दुखता? ह्या बाजूक?" आणि मी हात पुढे केला.

बायोने माझा हात बघितला, कुठे चाललाय ते बघितलं, आणि वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बाबा, तुमका डावाउजवा कळना नाय, मगे रिक्षा कशी चालवतास?"